पदक आईचं
सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये विनीता आणि तिच्याकडे घरकामाला असलेली फिलिपिनो लिगाया टीव्हीसमोर श्वास रोखून बसल्या होत्या. लिगायाच्या मुलीनं, जोसीनं, वजन डोक्यावर नेलं, थरथरत्या हातांनी तोलून धरलं आणि तिला वेटलिफ्टिंगचं पहिलं आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक मिळालं. विनीतानं लिगायाला मिठी मारली, तोंडात साखर घातली. रांगत्या जोसीला बहिणीच्या ओटीत घालून लिगाया सिंगापूरला आली होती. तिच्या पगारावरच लेकीचा सराव चालला. पण लिगाया सुट्टीत घरी गेली की जोसी तिला पाहुण्याला द्यावं तसं पाणी आणून देई. पडद्यावर जोसीनं पदक शेजारच्या बाईच्या गळ्यात घातलं आणि रडत काहीतरी बोलली. "काय म्हणतेय गं?" विनीतानं विचारलं. "हे पदक माझ्या आईचं, म्हणतेय." "ही तुझी बहीण ना?" लिगायानं डोळे पुसले. "जोसीची आई, मॅम," म्हणत ती टाळ्या वाजवू लागली.