तिसरा पेला

"पी गं, गार होईल," म्हणत झेरायने थर्मासमधली कॉफी ओतून पेला अब्रेहेतच्या हातात कोंबला. "हा पहिला. दुसरा जेवणाच्या सुट्टीत, आणि तिसरा निकाल लागल्यावर."

टोरोंटोच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात दोघं सुनावणीची वाट पाहत उभी होती. आज हरली तर अब्रेहेतला मायदेशी, अस्माराला परत धाडणार होते. बंदी घातलेल्या पंथात प्रार्थना केली म्हणून तिने तिथे दोन वर्षं लोखंडी कंटेनरमध्ये कैदेत काढली होती. त्यातून एकदा जगून आली हेच नशीब. दुसऱ्यांदा कोण जगतं?

निर्वासितांच्या मंडळाने तिचा अर्ज फेटाळला होता. कारण काय, तर बाई मोघम बोलते. प्रार्थनेच्या घरावर धाड पडली म्हणते, पण आपण कुठे सापडलो, कसे सापडलो, ते धड सांगत नाही. म्हणजे ती त्या घरात नव्हतीच! झालं, एका ओळीत दोन वर्षं पुसून टाकली.

"लेतेनाने दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती," झेराय म्हणाला.

"तिची आई अजून तिकडेच आहे, दादा. भ्याली असेल."

"भ्याली म्हणे! अगं, चोराच्या मनात चांदणं. तीही होती ना त्या घरात? सातांतलं कुणीतरी फुटलंच ना? मग लिहायला हात का कचरतो तिचा?"

वर्षभर अब्रेहेत लेतेनाशी बोलली नव्हती. समोरून येताना दिसली की रस्ता बदलायची.

कुणीतरी फुटलं होतं, हे मात्र खरंच. अस्मारात ते सातजण कॉफीच्या निमित्ताने जमत. पहिले दोन पेले नुसत्या गप्पा, शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा. तिसरा, आशीर्वादाचा पेला हातात आला की मगच येशूचं नाव, तेही कुजबुजत. शिपाई नेमके तिसऱ्या पेल्याला आले. बाहेरच्याला हे कुठून कळणार?

त्या दिवशी आपण काय केलं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मंडळाला नाही, वकीलबाईंना नाही, झेरायदादाला तर नाहीच. ती स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. बाहेरच्या खोलीत बडवाबडव सुरू झाली तशी ती कॉफीचं मातीचं भांडं छातीशी कवटाळून कणगीमागे लपली. बाकी सगळ्यांना डोळे बांधून ट्रकमध्ये कोंबलं, तरी ही गप्प. मग दोन शिपाई आत आले. त्यांच्यामागून डोक्यावरून पांढरी चादर ओढलेला एक माणूस आला. तो बोलला नाही. नुसतं कणगीकडे बोट केलं.

माणसं मार खात होती आणि मी लपले होते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून 'घरात सापडले' एवढंच ती सगळीकडे सांगत राहिली.

त्या सातांतल्याच झेरायला तर सगळ्यांत आधी डोळे बांधून ट्रकमध्ये टाकलं होतं म्हणे. वाटेत उडी मारून निसटलो, असं तो सांगे. इथे आल्यावर तिला खोली त्यानेच मिळवून दिली, लाँड्रीतलं काम त्यानेच लावलं, वकीलबाईही त्याच्याच ओळखीच्या. सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने केलं. मंडळापुढे प्रतिज्ञापत्र दिलं तेही एकट्या त्यानेच. इंग्रजीत होतं. तिने विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला वाचून दाखवू? उगीच खपली निघेल."

आत न्यायाधीशबाई चष्मा पुसत होत्या. सरकारी वकील अर्धा तास तेच तेच दळत होता: मोघम, मोघम, मोघम. शेजारी बसलेला दुभाषी अब्रेहेतच्या कानात सगळं तिच्या भाषेत सांगत होता.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कागदपत्रांत एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आहे. मंडळाने त्याचा साधा उल्लेखही केलेला नाही. परिच्छेद नऊ." त्या वाचू लागल्या आणि दुभाषी कुजबुजू लागला. "'अब्रेहेत स्वयंपाकघरात कणगीमागे होती. कॉफीचं भांडं तिने छातीशी धरलं होतं. ओढून बाहेर काढलं तरी तिने ते सोडलं नाही.'"

वकीलबाईंनी आनंदाने तिचा हात दाबला. अब्रेहेतने दुभाष्याला ती ओळ पुन्हा एकदा सांगायला लावली.

"अर्जदार स्वतः जे सांगू शकली नाही, ते साक्षीदाराने डोळ्यांनी पाहून सांगितलं आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मंडळाचा निर्णय मी रद्द करते. अर्जाची नव्याने सुनावणी होईल. तोवर या बाईंना कुठेही पाठवायचं नाही."

व्हरांड्यात झेराय तिसरा पेला भरून उभाच होता. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, अगदी खऱ्या पाण्याने.

"जिंकलीस की गं! म्हणालो नव्हतो मी? घे, आशीर्वादाचा पेला."

अब्रेहेतने हात पुढे केला नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुझे तर डोळे बांधले होते ना रे?"