हिमनदीवरची मोजणी

सालीमाअपांनी पाहुणीचा चहाचा पेला पुन्हा अर्धाच भरला. काठोकाठ भरून दिला तर ‘आता निघा’ म्हटल्यासारखं होतं, आणि एकुलत्या एका मुलाच्या जाण्याचा निकाल लागेपर्यंत ही बाई निघायला नको होती.

बाई म्हणजे चोल्पोन, राजधानी बिश्केकच्या विज्ञान खात्यातली. देशात संशोधक किती, शोधनिबंध किती, ही सगळी मोजणी तिच्याकडे. त्या आकड्यांवरूनच जगात देशाचा नंबर लागतो. समोर बसला होता अपांचा मुलगा एर्मेक. नऊ वर्षं इथल्या संशोधन केंद्रातर्फे हिमनदीत काठ्या रोवून बर्फ किती घटतं ते तो मोजत आलेला. आता त्याला झ्युरिकला नोकरी मिळाली होती. देशाबाहेर जायचा खात्याचा परवाना तेवढा दोन महिने अडकून पडला होता.

“अडवायलाच आलीयेस ना, पोरी?” अपांनी सरळ विचारून टाकलं.

“मोजायला आलेय, अपा.” चोल्पोनने वही उघडली. “निबंध किती झाले?”

“अकरा,” एर्मेक म्हणाला.

“अकरा निबंध, आणि सून एकही नाही. हे पण लिही.”

“अपा, सुनेचा रकाना नसतो त्यांच्या वहीत.”

“म्हणूनच देश मागे आहे.”

चोल्पोनला हसू आलं. तिने तळलेल्या पिठाचा एक बोर्सोक जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवला, सावकाश खाल्ला आणि बोटं पुसली.

“तिकडे गेल्यावर निबंधाखाली नाव कुठल्या संस्थेचं घालणार?”

“आपल्याच केंद्राचं, एजे,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसं एर्मेक म्हणाला. “सगळी माहिती इथली आहे. त्यांनी मान्य केलंय.”

“लेखी?”

“लेखी.”

चोल्पोनने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

“आणि काठ्या?” अपा थांबायला तयार नव्हत्या. “त्या कोण बघणार? आपल्या शेळ्या?”

एर्मेकने बाहेर पाहिलं. खिडकीतून त्याची हिमनदी दिसत होती, कडेने मळकी झालेली. खाली गावातला प्रत्येक पाट तिच्याच पाण्यावर चालायचा. केंद्रात तो एकटाच होता. चोल्पोन त्याच्याकडे बघत राहिली.

“एक वर्ष मोजणी तुटली,” तो शेवटी म्हणाला, “की मागची नऊही लंगडी पडतात.”

“झ्युरिकला कधी कळवायचंय?” चोल्पोनने विचारलं.

“उद्या.”

त्याने खिशातून झ्युरिकचं पत्र काढलं, दोन घड्या घातल्या आणि बशीखाली सरकवलं.

“लिहा एजे. एर्मेक राहतोय.”

अपांनी रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. मग मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. “दोन महिने माझं रक्त आटवलंस, गाढवा.” त्या चोल्पोनकडे वळल्या. “तुझं भलं होवो गं. मी इतकी रडले, ऐकलं नाही याने. तू नुसती येऊन बसलीस आणि पोरगा राहिला.”

चोल्पोनने काही लिहिलं नाही. पिशवीतून एक कागद काढून तिने एर्मेकपुढे ठेवला. त्याचाच परवाना होता. सही झालेली, शिक्काही मारलेला.

“असं करू नका, एर्मेक,” ती हळू आवाजात म्हणाली. “निबंध भागिले संशोधक, असा नंबर काढतात आपला. तुम्ही गेलात तरी निबंध आपलेच मोजले जातात, डोकं मात्र एक कमी होतं. शंभर कमी झाले की देश पंधरा जागा वर चढतो. नव्व्याण्णव गेलेत.”