पातेलं घासायची पाळी

"आज पातेलं मी घासणार. तू वाढायला उभी राहा," भिंतीवर कामांचा तक्ता चिकटवत मॉनिटर चिमणीला म्हणाला.

कॉलेजातली आठ मुलं दर शनिवारी दुपारी या हॉलमध्ये गरजूंना सूप आणि पाव वाढायला येत. जिथे तिथे तक्ते करतो म्हणून एकाचं नाव मॉनिटर. ते दांडगं पातेलं घासायचं काम कुणालाच नको असायचं. चिमणी मात्र ते मागून घ्यायची. "काय गं, पातेल्याशी लग्न लावलंयस का?" असं म्हणून सगळे हसायचे, तीही हसायची. मागच्या मोरीत एकटी असली की तळाला राहिलेलं दाट सूप खरवडून ती आपल्या डब्यात भरायची, मगच नळ सोडायची. संध्याकाळी ती आणि धाकटा भाऊ तेच जेवायचे. हे कुणाला म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं. कँटीनमध्ये कुणी काही पुढे केलं तरी तिचं ठरलेलं उत्तर, "नको, पोट भरलंय." चिमणीएवढं खाते म्हणून तर नाव चिमणी.

"राहू दे ना. मला सवय आहे," ती म्हणाली.

"अजिबात नाही. दर वेळी तूच का मरायचं? आम्हाला काही लाजबीज आहे की नाही?"

आता या पोरावर रागवायचं तरी कसं! बिचारा तिच्या भल्याचंच बोलत होता.

दार उघडायच्या आधी स्वयंपाकाच्या मावशींनी नेहमीचा दम भरला. "कुणाला नावगाव विचारायचं नाही. का आलात, विचारायचं नाही. 'अजून वाढू का?' एवढंच विचारायचं. कळलं?"

चिमणीने डाव हातात घेतला आणि तिचा हात आखडला. तिचं तिलाच कळलं नाही म्हणावं, तर तसंही नाही. चांगलं कळत होतं. डाव तळाशी न नेता ती वरवरचं पातळ वाढत होती. तळाला बरंच उरलं, तर मावशींना काहीतरी थाप मारून मागून घेता येईल. सहा जण पुढे सरकले, टेबलांशी जाऊन बसले. "अजून वाढू का?" असं तिने एकालाही विचारलं नाही.

सातवी एक म्हातारी होती. तिने वाडग्यात वाकून पाहिलं, मग चिमणीकडे पाहिलं.

"बाळ, जरा तळातून दे गं. नुसतं पाणीच आलंय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने डाव पार तळाला टेकवला आणि म्हातारीचा वाडगा काठोकाठ भरला. मग एका भांड्यात दाट सूप घेतलं आणि त्या सहाही जणांपाशी जाऊन वाढून आली. रांग संपेपर्यंत डाव तळातूनच फिरत राहिला.

शेवटचा माणूस गेला तेव्हा तीन-चार डाव उरलं असेल नसेल. मॉनिटरने बाह्या सरसावल्या, बादली उचलली. "आधी भिजत घालतो. पाणी ओतलं की सुटेल सगळं."

"थांब!"

चिमणीने ॲप्रन काढला. पिशवीतून डबा काढला. वाढायच्या टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली, जिथे आतापर्यंत रांग होती, आणि तिने डबा पुढे धरला.

"तू? अगं, पण तू कशाला..."

"काय विचारायचं सांगितलंय मी?" मावशींनी मागून झापलं.

मॉनिटरने बादली खाली ठेवली, डाव घेतला. एक डाव डब्यात पडला. त्याचे कान लाल झाले होते. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"अजून... अजून वाढू का?"

चिमणीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. भाऊ खिडकीशी वाट बघत बसला असेल.

"वाढ," ती म्हणाली. "घरी दोघं आहोत."