वाटणीच्या भिंतीला पाणी

घराच्या मधोमध वाटणीची भिंत उभी राहिली, गिलावाही झाला. जाताना गवंड्याने दोघा भावांना बजावलं, "आठवडाभर आपापल्या बाजूने पाणी मारा. नाहीतर सिमेंट धरणार नाही, भिंत कच्चीच राहील."

थोरला सकाळ-संध्याकाळ आपली बाजू भिजवत होता. पलीकडून मात्र पाण्याचा आवाजच येईना. त्याच्या जिवाला चैन पडेना.

"भांडायला तेवढा पुढे!" तो धुसफुसला.

"अहो, भाऊजींची बाजू आता भाऊजींना बघू द्या," बायको म्हणाली.

शेवटी न राहवून तो पाईप ओढत धाकट्याच्या दारात गेला. कोरड्या भिंतीसमोर बसलेला धाकटा पाईप पाहताच धडपडत उठला.

 

"नको ना दादा! एकदा पक्की झाली, की पाडायची कशी?"