हातापुरती जागा

समुद्रभिंतीच्या दरवाजांची जोडणी दुपारी पूर्ण झाली. सगळे भाग जुळावेत म्हणून शेकडो इंजिनिअरांच्या कामाच्या आठवणी आठवडाभर एकट्या मृदुला केळुसकरच्या डोक्यात ठेवल्या होत्या. आता त्या पुसायच्या होत्या.

त्याआधी हमीदा मुकादम तिला भेटायला आल्या. त्यांचे पती इक्बाल याच कामावर इंजिनिअर होते; मागच्या वर्षी ते वारले होते. त्यांच्या आठवणी मात्र जोडणीसाठी राखून ठेवल्या होत्या.

“त्यात माझं काही आहे का?” हमीदांनी विचारलं.

“फक्त कामाचं घेतात हो. घरातलं सगळं मशीन गाळून टाकतं.”

हमीदांनी मान हलवली आणि त्या पर्स उचलून उठल्या.

“थांबा,” मृदुला म्हणाली. “त्यांनी पंपामागे वीतभर जागा जास्त सोडली होती. काल दुसऱ्या टीमचा पाइप बसेना, तेव्हा तीच कामी आली. ती का सोडली, ते आठवतंय मला. ओट्याखाली गॅसचा रेग्युलेटर लावताना तुमचा हात दर वेळी खरचटायचा. पंप दुरुस्त करणाऱ्याचं तसं होऊ नये, म्हणून. मशीनला तेही कामाचंच वाटलं असणार.”

आतून मृदुलाला हाक आली. पुसायची तयारी झाली होती.

हमीदा पुन्हा खाली बसल्या.

“अजून एकदा सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”