आवाजाची धार

थोरल्याने लॅपटॉपच्या पडद्यावरचं, आवाजाला धार आणणारं ट्रेबलचं बटण माउसने आणखी थोडं पुढे फिरवलं आणि गिटारच्या तारांवर हात मारला. नाहीच. आवाज अजूनही बोथट. गोधडीखालून कुणीतरी बोलावं तसा.

त्या सॉफ्टवेअरमध्ये जगातले झाडून सगळे जुने अँप्लिफायर होते म्हणे. गिटारची वायर लॅपटॉपला जोडायची, अँपचं चित्र निवडायचं, बटणं फिरवायची, की हवा तो आवाज हजर. थोरल्याला हवा होता स्वतःचाच, विशीतला आवाज. तेव्हा दोघा भावांचा पंक रॉक बँड होता. धाकटा गायचा. गायचा कसला, ओरडायचा. आणि थोरल्याची गिटार अशी खरखरून कापत जायची, की लोक त्याला ‘करवत’ म्हणायचे.

मग एकदा भर स्टेजवर धाकटा म्हणाला, “दादा, जरा कमी कर. माझं गाणं कुणाला ऐकू येत नाहीये.” थोरल्याने त्याच्याकडे बघत बघत आवाज वाढवला. धाकट्याने माइक खाली ठेवला आणि तो निघून गेला. बँड तिथेच आटोपला. थोरला पत्र्याच्या कारखान्यात लागला, प्रेस मशीनच्या दणदणाटात त्याने केस पांढरे केले. लग्न राहूनच गेलं. भावाभावांत भांडण म्हणावं असं पुढे काही उरलं नाही, पण बोलणंही उरलं नाही. कारखाना सुटला तसे दोस्तही सुटले. हल्ली माणसं नुसती पुटपुटतात, असं थोरल्याचं मत झालं होतं, आणि पुटपुटणाऱ्यांत बसून उगाच मान डोलवायचा त्याला कंटाळा यायचा. दोन खोल्यांच्या त्या घरी कुणी येत नसे. एकटेपणाही उपवासासारखाच. सुरुवातीला जड जातो, मग भूकच लागेनाशी होते.

अशात धाकट्याचा मेसेज आला. कुणी हौशी माणूस त्यांची जुनी गाणी टेपवरून पुन्हा काढणार होता. शेवटच्या गाण्यातली गिटार तेवढी पुसली गेली होती. ‘दादा, तेवढी वाजवून पाठव. पण आवाज तोच हवा. नमुन्याला टेपवरचं दुसरं गाणं पाठवू का?’

‘माझाच आवाज मला ऐकवतोस?’ थोरल्याने ताडकन लिहिलं. ‘मला चांगला आठवतोय.’

लिहिलं खरं, पण त्या मेसेजमधल्या ‘दादा’वर त्याची नजर कितीतरी वेळ अडून राहिली. हे जमलं तर धाकटा घरी येईल, दोघं शेजारी बसून गाणं ऐकतील, एवढंच त्याच्या मनात होतं. एवढंच, म्हणजे सगळंच.

रोज सकाळी अंघोळ झाली की तो नेमाने गिटार घेऊन बसे. वाजवी, पाठवी. रोज उत्तर येई. ‘फार टोचतंय, दादा.’ थोरल्याला तर तो आवाज बोथट वाटे. तो धार आणखी वाढवी. ‘अरे, कमी कर म्हणतोय!’ आणखी वाढवी. शेवटी आलं, ‘कानात दाभण खुपसतोयस का?’

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे अजून तेच! इतक्या वर्षांनी पुन्हा ‘कमी कर’! जुना वचपा काढतोय लेकाचा. त्याने लिहिलं, ‘तुला माझा आवाज नकोच आहे. तुला मी मान खाली घातलेला हवाय.’

दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला त्याने दार उघडलं, तर समोर धाकटा. पार टक्कल पडलेला, जिना चढून धापा टाकत होता.

“सरक की. का दारातच भांडायचंय?”

थोरला सरकला. पाणी विचारायचंही त्याला सुचलं नाही. धाकटा थेट लॅपटॉपसमोर जाऊन बसला, खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला आणि खुडबूड करू लागला. थोरला हाताची घडी घालून मागे उभा. आता हा मला बटणं फिरवायला शिकवणार!

स्पीकरमधून गिटार सुरू झाली. थोरल्याने क्षणभर ऐकलं आणि तो हसला.

“हा आवाज? ह्याच्यासाठी एवढा जिना चढून आलास? अरे, ह्या करवतीने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. असला मुळमुळीत आवाज मी उभ्या जन्मात काढलेला नाही!”

 धाकटा वळून भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, “दादा, मी कशालाही हात लावलेला नाही. ही टेप आहे. आपली. वाजवणारा तूच आहेस.”

तेवढ्यात गिटारवर एक कोवळा आवाज चढला. विशीतला धाकटा जीव तोडून ओरडत होता. थोरल्याला तोही भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला.

तो पलंगाच्या कडेवर टेकला. एक हात आपोआप कानाकडे गेला.

“म्हणजे तुला... खरंच टोचत होतं?”

“खरंच टोचत होतं रे.”

धाकट्याने गाणं बंद केलं. घर एकदम शांत झालं. काहीतरी जुळवत असल्यासारखा तो दाराकडे बघत राहिला.

“दादा, मी याआधी दोनदा येऊन गेलोय.”

“इथं? कधी?”

“मागच्या उन्हाळ्यात एकदा. आणि त्याआधी, नात झाली ते सांगायला. आत तुझी चाहूल लागत होती. कितीतरी वेळ बेलवरचं बोट उचललं नाही मी. वाटलं, तुला उघडायचंच नाहीये.”