टेपचं सोवळं

रंगाच्या बंद पडलेल्या कारखान्याभोवतीच्या विहिरींत टेप सोडून भूजल खात्याच्या शाल्मलीमॅडम पाण्याची पातळी मोजायच्या, नमुने घ्यायच्या. एक विहीर झाली की टेप स्वच्छ पाण्याने धुवायच्या, मगच दुसरीकडे वळायच्या.

“काय बाई हे सोवळं!” सगुणाकाकू म्हणायच्या आणि गाव खो-खो हसायचं. मॅडमही हसायच्या, पण टेप धुतल्याशिवाय हलायच्या नाहीत.

ग्रामसभेत मॅडमनी सांगितलं, “कारखान्याखालचं दूषित पाणी गावच्या विहिरीकडे सरकतंय. तिच्या पाण्यातही रंगाचा अंश सापडलाय.”

कारखान्याचा वकील ताडकन उठला. “तुमच्या टेपनंच तिकडची घाण इकडे आणली असेल!”

सगुणाकाकूंनी पदर खोचला. “वकीलसाहेब, माझ्या देवघरात नाही एवढं सोवळं त्या टेपला आहे.” मग त्या गावाकडे वळल्या. “टेप धुताना मॅडमना कोण कोण हसलं? करा हात वर!”

पहिला हात काकूंचाच वर गेला. मागोमाग अख्ख्या सभेचे.